पन्हळीपलीकडचं गवत

मार्गशीर्ष शुद्ध १०, शके १७१२. पुणे, सदाशिव पेठ

पोचलो एकदाचे. चिपळुणाहून निघून आज नववा दिवस. घाटात गुडघ्यांनी माझ्याशी भांडण काढलं ते अजून मिटलेलं नाही. पण पुणं पाहिलं आणि सगळं विसरलो. शनिवारवाड्यापुढच्या मंडईत एका ठिकाणी इतकी वांगी पाहिली की आमच्या वाडीला वर्षभर पुरतील. कुटुंब डोलीत बसून तोंडाला पदर लावून हसत होतं, मी वांग्यांकडे आ वासून पाहत होतो म्हणून.

ही वही नवी आहे आणि ती कोणी वाचणार नाही, तेव्हा इथे कुटुंबाचं नाव लिहायला हरकत नाही. मुक्ता. तोंडाने काही मी घेत नाही, आमच्यात ती रीत नाही. तिला सातवा लागलाय. आधीची दोन गेली. एक चौथ्या दिवशी, एक सव्वा महिन्याचं होऊन. दुसऱ्याच्या वेळी ती तीन दिवस पाळण्याची दोरी सोडत नव्हती. हे तिसरं गेलं तर ती राहायची नाही, आणि मग मीही कशाला राहतो.

म्हणून तर हे काम घेतलं. आप्पासाहेब म्हणजे सरकारच्या पागेवरचे मानकरी, पन्नाशीचे, आवाज लोण्यासारखा. त्यांना रुद्र पाठ असलेला आणि पायांनी धड असा ब्राह्मण हवा होता. पुण्यापासून दोन कोसांवर एक डोंगर आहे, माथ्यावर महादेवाचं फार जुनं देऊळ. अकरा दिवस रोज चढून जायचं, अभिषेक करत रुद्राची अकरा आवर्तनं म्हणायची, दिवेलागणीआधी परत. संकल्प आप्पासाहेबांच्या नावाने, त्यांच्या घराण्यातल्या मुलाबाळांच्या रक्षणासाठी. बदल्यात मुक्ताचं बाळंतपण त्यांच्या घरी, त्यांचा वैद्य, त्यांची सुईण. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

पुण्यात ब्राह्मणांना तोटा नाही, मग चिपळूणचा कशाला? इथल्या भटांना चढण नको असेल. जेवणावळीत बसून पोटं सुटलेली आहेत एकेकाची, वाटेत पाहिली.

शुद्ध ११

घरात सत्ता मथुराबाईंची. आप्पासाहेबांची विधवा बहीण, सोवळ्यातली, जिभेला धार. मी विचारलं आंघोळीला पाणी कुठे मिळेल, तर म्हणाल्या, आमच्याकडे विहिरीत असतं. भात जरा मऊ हवा होता म्हटलं, तर म्हणाल्या, उद्यापासून चावून देऊ. बाकीची माणसंही तशीच. आमच्याशी बोलतात ती सोप्यातल्या खांबाकडे पाहून.

मुक्ताने स्वयंपाकघरातून बातमी आणली. या घरात तीन पिढ्या पहिलं मूल जगत नाही. मथुराबाईंच्या पाठीवरचे आप्पासाहेब, पण त्या दोघांच्याही आधी एक मुलगा होता, तो गेला. आप्पासाहेबांचा पहिलाही गेला. आता सुनेला तिसरा महिना आहे. अनुष्ठान त्यासाठी. ऐकून मला बरं वाटलं. म्हणजे हे लोक आपल्याच दुःखाचे आहेत.

संध्याकाळी मथुराबाईंनी मला बोलावलं आणि आप्पासाहेबांचं गोत्र, आजा-बापासकट नाव माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. वर बजावलं की संकल्पाला नाव चुकायचं नाही, अक्षरसुद्धा. मी आठव्या वर्षापासून संकल्प सांगतोय, आणि ही बाई मला शिकवणार. राग आला, पण बाळंतपण त्यांच्याच घरी व्हायचंय, म्हणून गिळला.

शुद्ध १२. पहिला दिवस

पहाटेच निघालो. डोंगराच्या पायथ्याच्या गावचा गुरव गेनबा वाट दाखवायला होता. म्हातारा पण चिवट, बोलणं मोजकं. हवा अशी गार की चालताना दम लागण्याऐवजी भूक लागत होती. निम्म्यावर करवंदीच्या जाळ्या, मग उघडा कातळ, मग कातळात खोदलेल्या पायऱ्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. मागे वळलं की मुठेची रेघ आणि पलीकडे पुण्यातले धूर. वाटेत पाण्याचं टाकं आहे, तिथून गेनबाने दोन घागरी भरून कावडीने वर आणल्या.

देऊळ काळ्या दगडाचं, ठेंगणं, चुन्याचा कण न लावता रचलेलं. गाभारा इतका थंड की पिंडीवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. नंदीचं तोंड कोणीतरी फोडलेलं आहे. अभिषेकाचं पाणी उत्तरेच्या भिंतीतून दगडी पन्हळीने बाहेर पडतं. महादेवाची प्रदक्षिणा तिथपर्यंतच घालायची आणि उलट फिरायचं, पन्हळ ओलांडायची नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. पन्हळीपलीकडे भिंतीलगत एक अरुंद पट्टी आहे, पुढून पडलेल्या दगडांच्या राशीने बंद झालेली. तिथे पाऊल टाकायला पन्हळीवरूनच जावं लागेल, म्हणून कोणी जात नाही. गवत गुडघ्याएवढं, एक काडी मोडलेली नाही.

आता खरं ते लिहितो.

संकल्पाचं पाणी पळीत घेतलं. गेनबा बाहेर घागरी पालथ्या घालत होता. मला मुक्ताचे पाळण्याच्या दोरीवरचे हात दिसले. मनात म्हटलं, मी चढायचं, मी घसा सुकवायचा, आणि मूल जगायचं पागेवरच्या मानकऱ्यांचं? त्यांच्याकडे वैद्य आहे, माणसं आहेत. आमच्याकडे काय आहे? मी माझं गोत्र उच्चारलं. माझं नाव. यज्ञेश्वर. जे मूल येऊ घातलंय ते या ठिकाणी तुझ्या पायी आहे, असं म्हणून पाणी सोडलं.

चोरी आहे ही. लक्षात आहे माझ्या. पण उतरताना पाय हलके होते आणि मला लाज वाटली नाही.

गेनबाने खाली आल्यावर विचारलं, नाव त्यांचंच घेतलंत न्हवं. मी म्हटलं, मग काय तुझं घेऊ?

शुद्ध १३

दुसरी एकादशनी, म्हणजे आजची अकरा आवर्तनं, झाली. प्रदक्षिणेला गेलो तर पन्हळीपलीकडचं गवत तुडवलेलं. एक सरळ वाट, राशीपासून पन्हळीपर्यंत आलेली आणि तिथून परतलेली. जशी माझी इकडून आहे तशीच तिकडून.

शेळ्या असतील म्हटलं. गेनबा ते गवत बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, शेळ्या इथं येत न्हाईत भटजी, हाणली तरी न्हाईत. मग पुन्हा विचारलं, नाव नक्की त्यांचंच? मी चिडलो. एकाच गोष्टीला किती वेळा होय म्हणायचं माणसाने.

घरी मुक्ताला मथुराबाईंनी डिंकाचा लाडू दिला. सोबत टोमणाही होता, पण लाडू होता.

शुद्ध १५. चौथा दिवस

काल लिहिलं नाही. काल वाटलं की भास असेल.

भर दुपार, ऊन लख्ख, वाऱ्याचं नाव नाही. मी प्रदक्षिणेला निघालो की दुसरं कोणीतरी निघतं. भिंतीच्या त्या बाजूने. मी थांबलो की थांबतं. मी मुद्दाम चार पावलं भरभर टाकली, तिकडे चार पडली. पावलं ओली असावीत, दगडावर ओल्या टाचेचा जसा आवाज येतो तसा येतो. पन्हळीशी पोचलो तर पलीकडे कोणी नाही. फक्त गवत हलत होतं आणि मग तेही थांबलं.

गेनबा देवळाच्या ओट्यावर बसून होता. त्याने कानांवर हात ठेवले होते.

अकरा आवर्तनं पुरी केली. चौथ्या अनुवाकाला दोनदा चुकलो. मी कधी चुकत नाही.

मार्गशीर्ष वद्य १. पाचवा

आज हात पाहिले.

पन्हळीशी पोचलो आणि मान वर करायचं धाडस झालं नाही, म्हणून खालीच पाहत राहिलो. पलीकडे लुगड्याचा काठ होता, रंग गेलेला, पाणी निथळणारा. आणि दोन हात पुढे केलेले. म्हातारीचे. तळवे वर, बोटं जरा वाकवलेली, कोपरं अंगाशी. भिकारीण असेल, उपाशी असेल, असं मी स्वतःला सांगितलं. नैवेद्याचा गुळखोबऱ्याचा खडा पन्हळीच्या काठावर ठेवला आणि आलो.

तोंड पाहिलं नाही. पाहायचंही नाही.

मुक्ताला काही सांगितलेलं नाही. ती म्हणते, अहो, तुम्ही जेवत का नाही.

वद्य ३. सातवा

गुळखोबरं तसंच आहे. मुंगीसुद्धा लागलेली नाही.

आज सकाळी निघताना सुईण आली होती मुक्ताला बघायला. मुक्ता घाबरली होती म्हणून ती हसून म्हणाली, काही होत नाही पोरी, आली वेळ की मी अशी धरणार, आणि हात पुढे करून दाखवले. तळवे वर, बोटं वाकवलेली, कोपरं अंगाशी.

मी पागोटं न घालताच बाहेर पडलो.

डोंगर कसा चढलो ते आठवत नाही. टाक्यापाशी गेनबाचे पाय धरले. मी ब्राह्मण, तो गुरव, पण धरले. सांगितलं की नाव मी माझं घेतलं. त्याने खांद्यावरची कावड खाली ठेवली. मग जे बोलला ते जसंच्या तसं लिहितो. आप्पासाहेबांच्या आज्याला मूल होत न्हवतं. त्यानं हितं पन्हळीपल्याडच्या तिला कबूल क्येलं, पयलं मूल तुझ्या हातात आणून दीन. झालं तवा आणलं न्हाई. तवापास्नं ती त्यांचं पयलं घरी जाऊन न्हेती, पर तिचं समाधान हुत न्हाई, तिला हातात दिल्यालं पायजे. ह्ये अनुष्ठान माफीचं हाय. खोटं बोलनाऱ्याच्या घरच्यानं अकरा दिस आपलं नाव सांगायचं, न्हाईतर भटाकडनं सांगवायचं, अकराव्याला ती पन्हळीपातुर येती, म्या नारळ ठिवतो, ती माघारी जाती.

मी म्हटलं, मला हे कोणी सांगितलं नाही. तो म्हणाला, लाज वाटली आसंल.

आणि माझं नाव घेतल्यावर ती काय समजते, विचारलं. म्हणाला, तुमच्या घरच्यानं तिला कंदी फशिवलं न्हाई म्हाराज. मंग तुमी माफी कशाची मागाल? तिला वाटतंय तुमी द्याया आलाय.

वद्य ४. आठवा

थांबता येत नाही. एकदा सुरू केलं आणि अर्ध्यावर सोडलं तर ती डोंगर उतरते, असं गेनबा म्हणतो. नाव बदलून नवा संकल्प सोडला तर? आज तोही करून पाहिला. आप्पासाहेबांचं नाव मोठ्याने घेतलं. पळीतलं पाणी पळीतच राहिलं. पालथी केली तरी पडेना.

संध्याकाळी आप्पासाहेबांसमोर उभा राहिलो आणि सगळं कबूल केलं. चोरी म्हटलं, नालायकपणा म्हटलं, थोबाडात मारून घेतलं. विनवलं की तुम्ही स्वतः वर चला, तुमचं नाव तुम्ही सांगा, तिला खरं काय ते कळू दे.

त्यांचा चेहरा आधी पडला आणि मग, मी डोळ्यांनी पाहिलं, हळूहळू उजळला. अगदी मऊ आवाजात म्हणाले की यज्ञेश्वरभट, झालं ते झालं, आपण विद्वान आहात, केलेला संकल्प पुरा करावा. सुनेच्या दाराकडे एकदा बघितलं. मग म्हणाले की आपल्या कुटुंबाची काळजी आता आम्ही घेऊ.

वद्य ५. नववा

मुक्ताला माजघरात नेलंय. मला आत जाता येत नाही. दारावर पागेतले दोघे. डोंगरावर माझ्यासोबतही दोघे, कमरेला तलवारी. गेनबाला बोलू देत नाहीत.

मी म्हटलं, ती माझी बायको आहे. त्यातला एक हसला.

मथुराबाई परसात तुळशीला पाणी घालत होत्या. माझ्याकडे पाठ करूनच बोलल्या. तीनदा म्हणवून घेतलं होतं ना तुमच्याकडून, म्हणाल्या. टोमणा नव्हता तो. तांब्या रिकामा झाला तरी त्या तो तुळशीवर वाकडा धरूनच होत्या. मग एवढंच सांगितलं की उद्यापनाला दांपत्य लागतं, मेणा सांगून ठेवलाय.

म्हणजे मुक्ताला वर नेणार.

पन्हळीपलीकडची ती आज पन्हळीच्या अगदी काठाशी उभी होती. हात काठाच्या अलीकडे आलेले.

वद्य ६. दहावा

झोप नाही, भूक नाही. नुसतं रुद्र तोंडात फिरतंय, अर्थ लागत नाही.

पन्हळीवरचे तिचे हात आता थरथरतात. आनंदाने. सुईणीचे थरथरतात का कधी — नाही.

मुक्ताचा निरोप आला, मोलकरणीकडून. विचारतेय, अहो, माझं काही चुकलं का. तिला वाटतं मी रागावलोय. देवा, तिचं काय चुकणार. चुकलो मी. लोभ मी केला, आणि तिच्यासाठी केला असं म्हणायची सोयही उरली नाही.

एक सुचतंय. नाव माझं आहे. द्यायला मी आलोय असं तिला वाटतंय ना? मग मीच जातो. पन्हळ ओलांडतो आणि तिच्या हातात हात देतो. मला घे म्हणतो. गेनबाला खुणेने विचारलं, पन्हळ ओलांडली तर? त्याने मान हलवली. म्हणाला, बापजाद्यांत कुनी वलांडली न्हाई, का ते म्या इचारलं न्हाई. शिपायाने त्याला ढकललं.

वद्य ७. अकरावा. देवळात

दहा आवर्तनं झाली. मेणा पायऱ्यांवर दिसतोय, भोई दम खात येतायत. आप्पासाहेब मागे घोड्यावरून उतरून पायी.

अकरावं आवर्तन म्हणत प्रदक्षिणेला निघतो. वही कमरेला, दौत हातात. लोकांना कळलं पाहिजे की मी स्वतःहून गेलो. मुक्ताला कोणी बोल लावू नये.

तिची पावलं सुरू झाली आहेत.

मुक्ता. नाव तोंडाने घेतलं आज. तीनदा.

वद्य ७. पन्हळीपलीकडे

ओलांडली.

डोळे मिटून ओलांडली. हात पुढे केले. घे म्हटलं. कोणी नाही. गवत आहे. गवत गुडघ्याएवढं आणि एक काडी मोडलेली नाही, माझ्या पायाखालीसुद्धा नाही.

पन्हळीच्या त्या अंगाला दगडावर ओली पावलं. माझ्याच वाटेने निघालेली. पुढच्या अंगणाकडे.

मी इकडे आलो म्हणून ती तिकडे — ती मला घ्यायला थांबली नव्हती. वाट सोडायला थांबली होती. कोणीतरी ओलांडायला हवं होतं.

पाय परत टाकता येत नाही. पन्हळीतलं पाणी पोटरीला लागतं आणि पाय मागे येतो. दगडांची रास चढलो. पलीकडे उतरलो. गवतातच उतरलो. पुन्हा चढलो. पुन्हा गवत.

राशीवरून अंगण दिसतं. मेणा ठेवला. मुक्ता उतरली. मला शोधतेय. मी हाक मारतोय, घसा फाटला, एक हात अंतरावरचा शिपाईसुद्धा वळत नाही.

वही फेकता येईल. एवढी वाक्यं पुरी करतो. मुक्ताला खाली न्या. ताबडतोब. तिच्याजवळ जी आहे ती सुईण नाही — मुक्ताला वाचता येत नाही. गेनबाला येत नाही. इथे वाचता येतं ते फक्त आप्पासाहेबांना.

तिने मुक्ताच्या कोपराला धरलंय. मुक्ता तिच्याकडे पाहून हसली. तिला वाटतंय घरचीच कोणी —

मुक्ताने पोट धरलं. सातवा आहे अजून. अजून वेळ आहे. अजून खूप —

आप्पासाहेबांनी सगळ्यांना मागे सरायला सांगितलं. स्वतः पाठ फिरवून उभे राहिले.

मुक्ता नंदीला टेकून खाली बसली. ती म्हातारी तिच्यापुढे उकिडवी बसली आहे. हात पुढे. आता थरथरत नाहीत. मुक्ता माझं नाव घेतेय, मोठ्याने, सगळ्यांदेखत, य